चित्रातला घोडा आणि धरणाची भेग

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी पळसदेवला गेलो, तेव्हा उजनीचे पाणी फार मागे हटले होते. पुणे-सोलापूर रस्ता सोडून नव्या गावातून खाली उतरले की एरवी जिथे होडीची वाट पाहावी लागते, तिथून चालत जाता येत होते. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे, आणि पुढे पळसनाथाचे देऊळ. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने गाव पाण्याखाली गेले, माणसे वर आली, देवही वर नव्या देवळात आला. जुने देऊळ तेवढे खाली राहिले. पाणी ओसरले की ते दिसते, पाऊसकाळ सुरू झाला की पुन्हा जाते.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. माझ्याबरोबर शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. त्याने या देवळाच्या शिखराचे संगणकावर प्रतिरूप केले होते: फोटोंवरून मापे, पुस्तकातून विटेचे आणि चुन्याचे गुणधर्म, मग वजन, वारा आणि भूकंप. चित्र देखणे आले होते. शिखराच्या बुडाशी लाल पट्टा, वर पिवळा, त्यावर हिरवा, टोकाला निळा. तो मोबाइल हातात धरून शिखराभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, ‘‘सर, इथं लाल आलंय, पण इथं तर काहीच झालेलं नाही. आणि वर जिथं निळं आहे, तिथल्या विटा गेल्यात.’’

‘‘मग चूक कुणाची? देवळाची का तुझी?’’ मी विचारले.

तो हसला. पण प्रश्न खरा होता. पंचेचाळीस वर्षे भिजणे आणि सुकणे, लाटांचे थडकणे, सांध्यांतला चुना विरघळत जाणे, यांतले काहीच त्याने प्रतिरूपात घातले नव्हते. त्याला घालता येत नव्हते म्हणून नव्हे; तसे विचारणारा रकाना समोरच्या पडद्यावर नव्हता म्हणून. वजन विचारले होते, वारा विचारला होता. पाण्याने काय नेले ते विचारले नव्हते.

हा लेख त्या रंगीत चित्राविषयी आहे. आज पूल, टाकी, धरण, कारखान्याची शेड, यांपैकी काहीही अशा चित्रावाचून मंजूर होत नाही. हजारो पानांचे हे वाङ्मय दरवर्षी तयार होते आणि त्याची समीक्षा कोणी करत नाही. तपासणी होते, पण ती निराळी गोष्ट. तपासणारा आकडे पाहतो. निवेदक कोण, त्याने काय लपवले, कोणत्या जागी तो वाचकाला डोळे मिटायला सांगतो, हे पाहण्याची सवय आपल्याकडे कथा-कादंबरीच्या वाचकाला आहे, अभियंत्याला नाही. म्हणून हा विषय मी साहित्याच्या वाचकांपुढे आणतो आहे.

आधी पद्धत. सलग वस्तूत कुठे किती ताण पडतो हे काढण्याची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत, पण ती साध्यासुध्या आकारांसाठीच सुटतात. मग वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचे वागणे सोपे मानायचे, तुकडे कोपऱ्यांशी एकमेकांना जोडायचे आणि सगळ्या कोपऱ्यांची समीकरणे एकदम सोडवायची. हीच ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत. हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. क्लफ कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे प्राध्यापक. स्थापत्यातला तिचा पहिल्या काही खऱ्या उपयोगांपैकी एक धरणावरच झाला. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या नॉरफोर्क धरणात उभी भेग होती. तिचा परिणाम काय होईल हे क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६२ मध्ये या रीतीने काढून दाखवले. म्हणजे ही विद्या जन्मापासून भेगेपाशी उभी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आणि आपल्याकडे ती आली तीही एका भेगेवरूनच.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. कोयनानगरच्या भूकंपाविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, वसाहत जमीनदोस्त झाली. धरण टिकले, पण निर्विघ्न नव्हे. १०३ मीटर उंचीचे हे गुरुत्व धरण, म्हणजे आपल्या वजनाने पाणी अडवून धरणारे. ज्या भागांवरून पाणी सांडत नाही त्या भागांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या, आणि त्या बहुतेक एकाच उंचीवर, पायापासून सुमारे दोनतृतीयांश वर. तिथे धरणाच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. वर जवळजवळ उभी भिंत, तिथून खाली पसरट पाय. आम्ही अभियंते त्या जागेला मान म्हणतो. कोयनेला अशी मान का आहे, याचे कारण अर्धे प्रशासकीय आहे. धरण दोन टप्प्यांत बांधायचे ठरले होते; काम बरेच पुढे गेल्यावर ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचे ठरले, आणि छेद त्याप्रमाणे जुळवून घेतला गेला. आराखड्यातल्या त्या निर्णयाची खूण भूकंपाने भेग पाडून दाखवली.

मूळ आराखड्यात भूकंप नव्हता असे नाही. होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे ०.०५ हा भूकंप गुणांक धरला होता, म्हणजे धरणाच्या वजनाच्या पाच टक्के जोर आडवा लागेल असे मानले होते, आणि तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच. त्या हिशेबात मानेशी ताण येतच नाही. प्रत्यक्षात धरण हा नुसता दगडाचा ठोकळा नसतो, ते ऊस वाऱ्यात हलावा तसे हलते. पाया थोडा हलला तर माथा कितीतरी जास्त. धरणाच्या आतल्या गॅलरीत एक त्वरणलेखक बसवलेला होता. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाच्या ०.६३ पट आणि नदीच्या दिशेने सुमारे ०.४९ पट त्वरण नोंदवले. पाच टक्क्यांच्या हिशेबाला हे उत्तर होते.

बर्कलीतच अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी ही नोंद घेऊन, कोयनेचा छेद तुकड्यांत कल्पून, धरण कसे हलले असेल याचा हिशेब केला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात तो छापून आला. मानेशी येणारा ताण काँक्रीटला सोसवणाऱ्या ताणाच्या बराच वर निघाला. म्हणजे भेग जिथे पडली तिथेच ती पडायला हवी होती. त्या निबंधाचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच. साऱ्या जगाची गुरुत्व धरणे ज्या सोप्या गुणांकावर उभी होती, तो गुणांक चुकीच्या जागी पाहायला लावतो, हे त्याने दाखवले. दरम्यान कोयनेची मान पोलादी तारांनी आवळली गेली, मागून आधारभिंती दिल्या गेल्या. हे काम सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले.

इथवर गोष्ट सरळ आहे आणि मी ती वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगतो. पेच पुढे आहे.

कोयना हा त्यानंतर जगभरचा कसोटीचा दगड झाला. भट्टाचार्जी आणि लेजे यांनी १९९३ मध्ये, ली आणि फेनव्ह्स यांनी १९९८ मध्ये काँक्रीट कसे चिरते याची नवी गणिते मांडली, ती कोयनेवर लावून दाखवली. ‘अबॅकस’ या नामांकित संगणकप्रणालीच्या उदाहरणपुस्तिकेत कोयना आहे: उंची १०३ मीटर, पाया सुमारे ७० मीटर रुंद, भूकंपाच्या वेळी पाणी ९१.७५ मीटर, छेदाचे ७६० तुकडे. आज चीनमध्ये, इराणमध्ये, कॅनडात धरणांवर काम करणारा विद्यार्थी कोयना नदी नकाशात कुठे आहे हे न जाणता तिच्या धरणाला भेग पाडतो. भेग मानेशी पडली की त्याची प्रणाली बरोबर. मार्गदर्शक समाधानी, परीक्षकही समाधानी.

या सरावातल्या उदाहरणांत काय काय गृहीत धरलेले असते ते पाहा. पाया कधीही न हलणारा. धरणाचे काँक्रीट सर्वत्र एकसारखे. पण कोयना रबल काँक्रीटची आहे, म्हणजे मोठमोठे दगड रचून त्यांत काँक्रीट भरलेली. पाणी हे पाणी नव्हे, तर धरणाला चिकटवलेले जादा वस्तुमान. ही युक्ती वेस्टरगार्ड यांची, १९३३ ची; तीत पाणी दबत नाही असे धरतात. आणि भूकंप म्हणून भरतात ती नोंद धरणाच्याच पोटात घेतलेली, जिच्यात धरणाचा स्वतःचा थरथराट किती आणि जमिनीचा किती हे वेगळे करणे सोपे नाही. यांतली गंमत अशी, की पाणी दबते आणि पाया हलतो, हे दोन्ही हिशेबात धरायलाच हवे, असे चोप्रा स्वतःच पुढची कित्येक वर्षे साधार सांगत राहिले. त्यांच्या धरणावर कसोटी लावणारे मात्र तेवढेच वगळतात.

तरीही भेग मानेशीच पडते! मग ती गृहीतके बरोबर ठरली का? मला वाटते, इथे समीक्षेची गरज आहे. मानेशी छेदाची कड आत वळते. अशा आत वळणाऱ्या टोकदार कोपऱ्यात साध्या स्थितिस्थापक गणिताने ताण काढला, तर जाळी जितकी बारीक कराल तितका तो आकडा वाढत जातो, थांबतच नाही. म्हणजे त्या कोपऱ्यात लाल रंग येणार हे भूकंपाआधीच, कागदावर दोन रेषा जोडतानाच ठरलेले असते. त्यातला किती लाल रंग कोयनेचा आणि किती रेषेचा, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. तुकड्याच्या आकारानुसार भेगेचे गणित जुळवून घेण्याचे उपाय आहेत, जाणकार ते वापरतातही. पण पाण्याच्या बाजूच्या उभ्या अंगाला असा कोपराच नाही. तिथली भेग कशी आणि केव्हा सुरू झाली, ही खरी परीक्षा. आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सर्वांत घाईने उरकलेला परिच्छेद बहुधा तोच असतो.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला इथे शंकुक आठवेल. मला तो आठवला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो, हे कबूल करतो. रंगभूमीवरच्या नटाला पाहून प्रेक्षकाला ‘हा राम’ असे जे वाटते, ते कोणत्या प्रकारचे ज्ञान? शंकुक म्हणतो, ते यथार्थ नाही, मिथ्या नाही, संशय नाही, नुसते सादृश्यही नाही. चित्रातल्या घोड्याला पाहून ‘हा घोडा’ म्हणतो तसे ते. चित्रतुरगन्याय तो हाच. अभियंत्याच्या पडद्यावरच्या धरणाला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही. ते धरण नाही हे आम्हाला पक्के माहीत असते. ते खोटे आहे असेही आम्ही म्हणत नाही. त्यावरून आम्ही अनुमान करतो, आणि शंकुकाचा सारा भर अनुमानावरच होता.

त्याला उत्तर दिले अभिनवगुप्ताच्या गुरूने, भट्टतौताने. आपल्याला ते ‘अभिनवभारती’तून कळते. अनुकरण आहे असे म्हणायचे तर मूळ पाहिलेले हवे. रामाला कोणी पाहिले आहे? मूळ न पाहता ही नक्कल आहे हे प्रेक्षकाला कसे कळणार? शतकानुशतके हा वाद नाटकापुरता राहिला. पण धरणाचा आराखडा करताना आम्ही ज्या भूकंपाची नक्कल करतो तो अजून झालेला नसतो. म्हणजे रामाला कोणी पाहिलेले नाही आणि नट मात्र रोज उभा राहतो. कोयनेत, दुर्दैवाने, राम दिसला होता. म्हणून तर सगळे तिथे जातात. आणि म्हणूनच तिथे मिळालेल्या यशाची रक्कम दुसऱ्या धरणाच्या खात्यावर जमा करता येत नाही. पाहिलेल्या भेगेची नक्कल करणे आणि न पाहिलेल्या भेगेचे भाकीत करणे ही दोन कामे आहेत. आपल्या अहवालांत दोन्हींना एकच शब्द आहे: ‘विश्लेषण’.

अहवालांच्या भाषेकडे थोडे अधिक पाहू. ‘पाया दृढ असल्याचे गृहीत धरण्यात आले आहे.’ कोणी धरले? कर्मणी प्रयोगात माणूस नाहीसा होतो. ‘परिणाम मर्यादेत आढळून आले.’ आढळून आले, जणू कोणी रानात फिरताना. कथेतला निवेदक असा बोलू लागला तर आपण त्याच्यावर लगेच संशय घेतो. अहवालाचा वाचक मात्र याच भाषेला वस्तुनिष्ठता म्हणतो. गृहीतके तिसऱ्या प्रकरणात असतात, चित्रे सातव्यात, आणि मंजुरी देणारा सातव्यापासून वाचायला लागतो.

रंगांचे तर निराळेच. बहुतेक प्रणाल्या आपण काही न सांगितल्यास सर्वांत मोठ्या आकड्याला लाल आणि सर्वांत लहानाला निळा रंग देतात. मग तो मोठा आकडा धोक्याचा असो की क्षुल्लक. लाल हा फक्त त्या चित्रातला पहिला नंबर असतो. वर्गात पहिला आलेला मुलगा हुशार असेलच असे नाही, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. अभियंत्याला सांगावे लागते. मी स्वतः शिकवायला लागण्यापूर्वी काही वर्षे सल्लागाराकडे नोकरी केली. एका बांधकामाचे चित्र मालकाच्या माणसांसमोर ठेवले तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, ‘‘साहेब, तेवढं लाल काढता येईल का? वर दाखवायचंय.’’ मी रंगपट्टीची वरची मर्यादा वाढवली. लाल गेले, पिवळे आले. आकडे तेच, बांधकाम तेच. ते सुरक्षितही होते, मी पुन्हा दोनदा हिशेब केला. पण चित्र आणि वस्तू यांचे नाते माझ्या एका बोटावर आहे हे मला त्या दुपारी कळले, आणि मी ते कोणाला सांगितले नाही.

याचा अर्थ जुने बरे होते, असा काढू नये. आपल्याकडे दुसरीही परंपरा आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, ज्याची सुरुवात १९१६ ची, नद्या आणि बंदरे लहान करून मोकळ्या मैदानात बांधतात आणि त्यांत खरे पाणी सोडतात. तिथे गेलेल्याला वाटते की इथे तरी खोटे काही नाही. पण पाणी लहान केले म्हणून वाळूचा कण आणि पृष्ठताण त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. घोडा मातीचा केला तरी तो चित्रातलाच. फरक एवढाच, की मातीच्या घोड्याचा कान तुटला तर दिसतो. आणि ०.०५ चा गुणांक तर कागद-पेन्सिलीचाच होता. त्याची चूक दाखवली संगणकानेच. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, वाचनाबद्दल आहे.

आता पुन्हा उजनी. कारण पळसदेवमध्ये प्रतिरूपाचा आणखी एक नमुना रोज वर्तमानपत्रातून वाचला जातो, आणि त्याला कोणी प्रतिरूप म्हणत नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७.२३ टीएमसी. त्यातला मृत साठा ६३.६६ आणि उपयुक्त ५३.५७. अर्ध्याहून जास्त पाणी आराखड्याने मृत म्हणून बाजूला ठेवलेले असे हे धरण आहे. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची, म्हणून ६३.६६ टीएमसी पाणी असताना बातमी येते ‘उजनी शून्यावर’. त्याखाली गेले की ‘उणे’. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या आसपास गेले. उणे साठ म्हणजे मृत साठ्यातले सुमारे ३२ टीएमसी संपलेले आणि तेवढेच जवळपास शिल्लक. वाचणाऱ्याला मात्र ते कर्जासारखे दिसते. शून्याची ती रेघ तळ्यात कुठेच नाही. ती आराखड्याच्या कागदावर आहे. मृत साठा वापरायचा नाही असे तो कागद म्हणतो. सोलापूर शहर उन्हाळ्यात दुबार, तिबार पंपिंग करून तेच पाणी पिते. इंदापूर-करमाळ्याच्या दोन्ही काठांवर शेतकरी पाइप वाढवत पाण्याच्या मागे जातात, दर आठवड्याला मोटर पुढे सरकवतात. कितीही सुबक प्रणालीत धरणाचे परिचालन मांडा; मृत म्हटलेले पाणी जिवंत माणसे वापरतील हे तिच्यात घातलेले नसेल, तर ती आमच्या विद्यार्थ्याच्या शिखरासारखीच. रकाना नाही म्हणून पाणी नाही.

आणि गाळ आहेच. दर पावसाळ्यात भीमा तो आणते. साठ्याचे आकडे ज्या तळाच्या आकारावरून काढले, तो आकार आता तसा राहिलेला नाही.

देवळापाशी त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जुन्या गावातले. विद्यार्थ्याने त्यांना चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘हे लाल काय आहे?’’

‘‘तिथं जास्त जोर येतो, बाबा.’’

‘‘आणि पाणी कुठं दाखवलंय?’’

त्याने सांगितले की पाणी दाखवलेले नाही. म्हाताऱ्यांनी शिखराकडे हात करून दाखवले: एवढं दिसलं की धरण इतकं, हा थर उघडा पडला की इतकं. टक्के त्यांना पाठ होते, पेपरातले. पण मोजायला ते विटांचे थर वापरत होते. विद्यार्थ्याने वही काढली आणि थरांपुढे त्यांचे आकडे लिहून घेतले. मग वर जिथे विटा गेल्या होत्या तिथे तो चढला, आणि मोडलेल्या सांध्यांतला चुना नखाने खरवडून त्याने एका कागदात बांधला. परतताना गाडीत त्याने विचारले, की पाणी वर्षाला किती वेळा कुठल्या थरापर्यंत येते याची जुनी नोंद मिळेल का. धरणावर रोजची पातळी लिहिलेली असते, मी म्हणालो, त्यांच्याकडे अर्ज करू. भिगवणला चहाला थांबलो तेव्हा तो कागदाची पुडी उघडून चुना बोटांत चोळून पाहत होता.